कन्फ्यूजन म्हणजे काय

लातूर, मे १९८३, मंगळवार, संध्याकाळ

टँकरच्या रांगेत उन्हात उभे असताना बाबा कोसळले. गेल्या वर्षी लातूर नवा जिल्हा झाला म्हणून दवाखाना तरी जवळ आलाय. तपासून डॉक्टर म्हणाले, "कन्फ्यूजन आहे." दादा भडकलाच. "डॉक्टरलाच काई कळंना गेलंय! उचला, नांदेडला नेऊ."

मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून समजावलं, "दादा, गोंधळ डॉक्टरांचा न्हाई. बाबाला भान न्हाई, असं म्हणायलेत ते." त्यानं नांदेडचा विषय सोडला. सलाइन लागलं.

उत्तर आठवेना, रस्ता चुकला की कन्फ्यूजन, असं मुलांना सांगत आले. एवढाच अर्थ असतो का?

आत्ता बाबांनी डोळे उघडले. मी हात धरला.

"कोणाची गं तू, माय?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"तुमचीच," मी म्हणाले.

त्यांना पटलं नसावं. पण हात सोडवून घेतला नाही.