मास्तरांचा घसा

२७ नोव्हें. ६१, बोर्ली
शाळा उघडली. हजेरी घेताना आवाज फुटेना. पोरं फिदीफिदी. एकेकाला उभं केलं. आवाज नसला तरी डोळे आहेत अजून! ज्येष्ठमध, खडीसाखर चालूच. मास्तरकीचा घसा, बसायचाच.
हिचं एकच टुमणं: श्रीवर्धनच्या डॉक्टरांना दाखवा.

३ डिसें.
दाखवलं एकदाचं. डॉ.नी स्पिरिटच्या दिव्यावर इवलासा आरसा गरम केला, फडक्यात धरून जीभ ओढली. "ई म्हणा." जन्मभर पोरांकडून म्हणवून घेतलं, आज माझी पाळी.
म्हटलं, मास्तरांचा घसा हा असाच. तर म्हणाले, "मास्तरांचा घसा सुट्टीत सुटतो. तुमचा दिवाळीत सुटला का?"
"नाही" म्हणावं लागलं. मी!
स्वरतंतूवर गाठ. मुंबईत तुकडा काढून तपासणार.

१९ डिसें., मुंबई
मेव्हण्याकडे उतरलोय. कॅन्सरच. अप्पाकाका डोळ्यांपुढून हलत नाहीत. ४८ साली त्यांचं स्वरयंत्रच काढलं. जगले, पण श्वास गळ्यातल्या भोकातून नि बोलणं पाटीवर. तसं जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं हिला म्हणालो. तडकलीच. "तुम्हाला वर्गाची पडलीय. माझं काय?"

२१ डिसें.
डॉ. म्हणतात, गाठ लहान, वेळेवर आलात. आता नवं यंत्र आहे, बाहेरून किरण देतात. सुरी नाही. आवाज बहुतेक राहील.
बहुतेक! त्यावरही खूश झालो. अट एकच, तोंड बंद.

१५ जाने. ६२
रोज किरण. गळा भाजलेल्या वांग्यासारखा. पेजसुद्धा टोचते. पण आपण हटत नाही.
हिला मात्र ऊत आलाय. "इतकी वर्षं तुमचं ऐकलं, आता माझं ऐका." ऐकतोय. माहेरी खाडीत पोहताना भावांना मागे टाकायची म्हणे! मला पत्ताच नाही. पाटीवर विचारलं, आधी का नाही सांगितलंस? "मधे जागा कुठे द्यायचात?"

११ फेब्रु.
किरण संपले. सूज उतरेपर्यंत गप्पच. शिमग्यानंतर बघू म्हणाले.

२५ मार्च, बोर्ली
श्रीवर्धनला पुन्हा तोच आरसा. गाठ दिसत नाही. मात्र दाखवत राहायचं, खात्री कुणी देत नाही. बोलायची मोकळीक मिळाली.
येताना पाटलांनी वाटेत अडवलं, "मास्तर, बोला की कायतरी!" मान हलवून पुढे निघालो.
ही चुलीपाशी. लग्नापासून 'अगं' नि 'ऐकलंस का' यावर भागवलं. आज हाक मारली, "सुमती."
घोगरं, पण आलं.
ती पाठमोरीच राहिली, पळी हातात. म्हणाली, "नीट ऐकू नाही आलं. परत म्हणा."