त्याचे हात

माय, परवा भुसावळला गेले होते, आपल्या धाकट्याकडे. त्याची लेक चार वर्षांची आहे. कान शाबूत, तोंड तर तुझ्यासारखं, दिवसभर गिरणी चालू. पण बाप समोर आला की तिचे हात सुरू होतात. जेवताना हातांनीच बापाशी भांडत होती आणि तो खो खो हसत होता. तू हे पाहायला हवं होतंस असं वाटलं, आणि लगेच वाटलं, बरं झालं नाही पाहिलंस. तुला सोसवलं नसतं.

पिंप्राळ्याला राहायचो तेव्हा तो तीन वर्षांचा होईपर्यंत त्याला ऐकू येत नाही हे कुणालाच कळलं नव्हतं. जीभ जड आहे म्हणून तू वेखंड उगाळून चाटवलंस, पोपटाने चोच मारलेली बोरं मिळावीत म्हणून मेहरूणपर्यंत पायपीट केलीस. बोलला नाही तो. पण तुमचं दोघांचं काही अडत नव्हतं. पाणी हवं तर अंगठा ओठाला, आबांची सायकल दिसली की हवेतच घंटी वाजवायची. 'त्याले समजस बठ्ठं,' सगळं कळतं त्याला, असं शेजारणीला किती ठसक्यात सांगायचीस! मग त्याला बहिऱ्यांच्या शाळेत घातलं आणि तिथल्या बाईंनी तुला बजावलं, "ताई, या खुणा आधी बंद करा. हातांनी भागलं तर हा तोंड कशाला उघडेल? हात धरून ठेवा, तुमच्या ओठांकडे बघू द्या." बाई वाईट नव्हत्या. तेव्हा तसंच शिकवत. आता अशा मुलांच्या आयांना सांगतात, हातांनी बोला, भरपूर बोला. तुला तर ते सांगावंही लागलं नसतं, याचाच मला फार राग येतो.

अजून दिसतं मला. तो उन्हातून खेळून येतो, अंगठा ओठाला लावतो. तू चुलीपुढून उठतेस, त्याचे दोन्ही हात मुठीत धरतेस, तोंड त्याच्या तोंडाजवळ नेतेस. "पानी म्हन ना रे भाऊ. मंग देसू." माठ हाताच्या अंतरावर. कधी त्याच्या घशातून 'पा' निघतं, बहुतेकदा रडूच. मग तूही रडतेस आणि पदराने त्याचं तोंड पुसून पेला लावतेस. हळूहळू त्याने तुझ्याकडे काही मागायचंच सोडलं. लागेल ते माझ्याकडे मागायचा, तुझी पाठ असताना.

तू गेलीस तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. धुळ्याच्या दवाखान्यात तो खाटेशी उभा राहिला आणि भाकरी थापल्यासारखे दोन्ही तळवे एकमेकांवर थापू लागला. त्याच्या भाषेत ही तू. पुन्हा पुन्हा तेच. हाकच मारत होता तुला. तू डोळे उघडलेस, त्याचे दोन्ही हात धरलेस आणि मग सोडलेच नाहीस. मावशी आजही सांगते, "मायनी पोऱ्याना हात सोडा नही."

घरी आल्यावर त्याने मला कोपऱ्यात नेऊन खुणेने विचारलं, 'ती मला गप्प करत होती का?' मी लगेच मान हलवली, नाही, नाही. त्याने ते धरून ठेवलंय. लेकीलाही तसंच सांगतो, तुझी आजी माझे हात धरून गेली.

हे पत्र फाडून टाकणार आहे, त्याला वाचता येतं. मी तेव्हा 'नाही' म्हणाले, माय, पण मला माहीत नव्हतं. आजही नाही.