मानेखालची उशी

शुक्रवार, संध्याकाळ. मयूर विहार

आई गेल्यावर आज पहिल्यांदाच आमच्या दोघींच्या नेहमीच्या स्पामध्ये गेले. सगळं नवं केलंय. केस धुवायच्या बेसिनला आता मानेखाली मऊ उशी आहे. आई दर वेळी कुरकुरायची, "मान मोडते गं माझी." आज माझी मान जराही दुखली नाही, आणि त्याचंच रडू आलं.

केस पुसता पुसता तिथली सुनीता म्हणाली, "दीदी, ये तकिया तो आंटीजी के लिए ही लगवाया है. कब ला रही हो उन्हें?"

खरं का नाही सांगितलं मी? "अगले हफ्ते," म्हणाले. तिने लगेच रजिस्टरमध्ये आईचं नाव लिहिलं. मंगळवार, अकरा वाजता.

इतकी मऊ उशी. आता फोन करून ते नाव खोडायला सांगायचं. उद्या सांगते. नको, सोमवारी. तोवर राहू दे तिचं नाव.