देवीने दोनदा होय म्हटलं

मये, डिचोली
२९ डिसेंबर १९९६

प्रिय पार्वती,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटेल, ह्याने आता काय नवीन काढलं? वाटू दे खुशाल. संशय घेण्यात माझा हात धरणारा या तालुक्यात कोणी नाही, तेव्हा थोडा तुझ्याही वाट्याला आला तर बिघडत नाही. दहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय ते आपल्या लेकीपायी, सुविधापायी.

नाताळच्या सुट्टीत पणजी शहरातल्या तिच्या कॉलेजातली आठ पोरं भटकायला निघाली. पाठीवर बोजे बांधून गोव्याच्या दक्षिण टोकाच्या पोळे गावापासून किनाऱ्याकिनाऱ्याने वर यायचं, बस मिळेल तिथे बस, वाळूत तंबू आणि शेवटी शिडाची होडी. गोरे असलं करतात ते आपण बघतोच, पण आमच्या पोरांना घरदार नाही काय? वर म्होरक्या कोण, तर गौरेश नावाचा दाढीवाला. मुक्कामांची यादी तिने मला लिहून दिली. शेवटचं नाव हर्मल, आणि त्याच्याखाली एक नाव गिरगटून खोडलेलं. कागद जनेलाच्या गजांशी उजेडात धरून बघितला, पण वाचता येईना. माझ्या डोक्यात किडा शिरला तो तिथेच.

देवळात जाऊन कौल लावला. भटाला सांगितलं, पोर माझ्यापासून काही लपवत असेल तर देवीने अंगावरची उजवी पाकळी पाडून होय म्हणावं. नारळ फोडून हात जोडतोय न जोडतोय तोच उजवी पाकळी खाली आली. मग मी कशाला घरी बसतो? शाळेला सुट्टीच होती. पणजीच्या बसस्टँडवर पेपर तोंडासमोर धरून बसलो. दक्षिणेकडून येऊन पोरांनी बस बदलली, तशी पुढच्या बसने मीही निघालो. हर्मलला माडाआड उभा राहून मी, चोपन्न वर्षांचा मराठी शाळेचा हेडमास्तर, पोटच्या पोरीचे तंबू मोजत होतो. मुलींचा तंबू वेगळा होता. तरी माझं समाधान नाही. तो दाढीवाला तिला दोरी बांधायला शिकवत होता आणि ती हसत होती, एवढं मला पुरे होतं.

शुक्रवारी सकाळी सगळी शिडाच्या होडीत बसली आणि होडी उत्तरेला वळली. म्हणजे खोडलेलं नाव केरी! मी भाड्याच्या मोटारसायकलवर पायलटाच्या मागे बसून डोंगरावरून केरीला पोचलो, होडीच्या आधी. गौरेशने हात देऊन तिला उतरवलं, तेव्हा मी चप्पल काढून हातात घेतली होती, खोटं कशाला सांगू? पण तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोजा वाळूत टाकून ती धावत सुटली आणि सुरूच्या झाडांपाशी उभ्या असलेल्या बाईच्या गळ्यात पडली. ती बाई तू होतीस. केरी तुझं माहेर, हे संशयाच्या भरात मला सुचलंसुद्धा नव्हतं. केस पिकलेत तुझे. तुम्ही दोघी घराकडे गेलात आणि मी चप्पल पायात घालून होडीच्या सावलीत बसलो.

होडीवाला बाबली मला ओळखत नव्हता. कुठले, काय विचारून झाल्यावर आपण होऊनच सांगू लागला. भिकाजी म्हाताऱ्याची नात ती. म्हाताऱ्याला अर्धांग होऊन दहा वर्षं झाली, त्या भाषेच्या गडबडीच्या सालातच. जावई म्हणे मोठा कडक, बायकोला माहेरचं नाव काढू देत नव्हता. म्हणून ती दर मंगळवारी चोरून यायची, बापाला न्हाऊमाखू घालायची, पेज भरवायची आणि दुपारच्या बसने परत जायची. जावयाने एक दिवस तिलाच घराबाहेर काढलं. बाबली वर म्हणतो, असल्या माणसाला देव कसा बघून घेत नाही?

भांडण काय होतं, पार्वती? गोव्याची राजभाषा कोणती करायची, एवढंच. तुझे बाबा कोकणीचे, मी मराठीचा. ताटावरून उठलो आणि त्या घराची पायरी तुला बंद केली. आणि आम्ही दोघे भांडलो ते कोकणीतूनच, याचं हसू मला आज येतंय. मग तुझे मंगळवार माझ्या ध्यानात आले. पणजीला मावशीकडे जाते म्हणायचीस, आणि मावशीला विचारलं तर ती चाचरायची. तेव्हाही मी देवळात गेलो होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. बायको माझ्यापासून काही लपवते का, हाच प्रश्न, आणि पाकळी उजवीच. त्याच संध्याकाळी तुला म्हटलं, ज्याच्याकडे जातेस त्याच्याकडेच राहा. तू पिशवी भरलीस आणि गेलीस. देवी दोन्ही वेळा खरंच बोलली. काय लपवते आणि का लपवते, हे मात्र मी तिला विचारलं नाही. तुला तर नाहीच नाही. तेवढं विचारलं असतं तर पोरीला तिची आई मिळाली असती.

सुविधा काल घरी आली. हर्मलहून परतलो, म्हणाली, आणि बोलताना माझ्याकडे बघेना. मी बरं म्हटलं. एकोणीस वर्षांच्या पोरीला आईला भेटायला खोटं बोलावं लागतं, ते माझ्या भीतीने. लाज वाटली मला, पार्वती. आज तिला जवळ बसवून सांगणार आहे की आईकडे राजरोस जा, हवे तितके दिवस राहा. तू परत ये असं म्हणायला मला तोंड नाही आणि ते मी म्हणतही नाही. पण बाबली सांगत होता, बाबांना हल्ली उचलून मोरीपर्यंत नेणं तुला एकटीला झेपत नाही, कंबर धरते. माझे हात अजून धड आहेत. मंगळवारी सकाळच्या बसने येऊन मी त्यांना आंघोळ घातली तर चालेल का, एवढं विचारायला हे पत्र लिहिलं.

तू म्हणशील तर तुझाच,
कृष्णनाथ