ताईची वैवाहिक स्थिती

३ फेब्रुवारी
केंद्रावर दहाला जायचं होतं. पाय मलकापूर स्टेशनकडं वळले. भुसावळकडं जाणारी एक गाडी थांबली, सुटली. मी फलाटावर चहा पीत उभा. सुरत झालं, पुणं झालं, पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडून झालं, तरी गाडी सुटली की चढावंसं वाटतंच.
साडेअकराला केंद्रावर. काका म्हणाले, "आले का साहेब? पोरींचे बाप येऊन गेले, तुह्या पत्ता नाई."
काका म्हणजे सख्खे नव्हेत. समाजाचं वधूवर केंद्र चालवतात, गावातले सगळेच त्यांना काका म्हणतात. नवी वेबसाइट पुण्याच्या मंगेशनं बनवली, ती तपासायचं काम माझ्याकडं. हातानं नाही. प्रोग्रामनं. ब्राउझर आपोआप उघडतो, फॉर्म भरतो, ड्रॉपडाउनमधून पर्याय निवडतो, सेव्ह करतो. सगळं ठीक तर हिरवी खूण. व्हिडिओ पाहून शिकलो. काम टिकलं तर काका महिन्याला बांधून घेणार. टिकलं तर.

५ फेब्रु.
तालुक्याची लिस्ट डोकं खाऊन राह्यली. जिल्हा निवडला की तालुके भरायला जरा वेळ लागतो, आणि माझा प्रोग्राम त्याच्या आधीच हात घालतो. मिळत नाही म्हणून पडतो. मी मधे सरळ दहा सेकंद झोपायला लावलं त्याला.
मंगेशचा फोन: "अरे, लिस्ट भरली का ते बघून पुढं जायला सांग. झोपवतोस काय?" पुण्याचा आहे, सगळं सावकाश, स्वच्छ बोलतो. हेही म्हणाला, की पर्याय नावानं निवड, क्रमांकानं नको. क्रमांक कधी सरकेल सांगता येत नाही. हो म्हटलं. चाळीस ठिकाणी बदलावं लागेल. करू.
दुपारी कापूस बाजाराकडं चक्कर. उगाच.

८ फेब्रु.
ताईसाठी अकोल्याचं स्थळ जवळपास ठरलं. मुलगा बँकेत. १९ ला रविवारी येणार पाहायला. ताई आईला म्हणाली, "येऊ दे." एवढंच. प्रज्ञाताईच्या तोंडून 'येऊ दे' म्हणजे मोठी गोष्ट. बत्तीस पूर्ण होतील आता. उपकेंद्रात नर्स आहे, रात्री-अपरात्री बाळंतपणं. तिनं पाहण्याचे कार्यक्रम इतके केले, की पोह्याचं नाव काढलं तरी उठून जाते.
तिचं प्रोफाइल साइटवर मीच बनवलं होतं. पासवर्ड मला माहीत, माहिती तोंडपाठ, म्हणून तपासायला तेच वापरतो. साइटची एक चाचणीची कॉपी आहे, तिथं. खरी वेगळी.

९ फेब्रु.
काकांना दाखवायचं होतं म्हणून पत्ता बदलून खऱ्या साइटवर चालवलं. ते पाहून खूश. "आपोआप हालून राह्यलं बे!" तीनदा चालवायला लावलं. एवढ्यात दोस्त इरफानचा फोन, रोहिणखेडला एक सेकंडहँड गाडी पाहायला चल. प्रोग्राम परत सुरू केला नि निघालो. पत्ता परत बदलला की नाही, आठवत नाही.
गाडी भंगार निघाली. मालक म्हणे एकाच हातची आहे. इरफान म्हणाला, "हात एकच अशीन, पण पाय लय लोकायचे लागले." जुनी मशीद पाहून आलो. त्या दगडांवर हात ठेवला की बरं वाटतं. का ते माहीत नाही. सावलीत बसलो, उठवलं नाही.
आल्यावर पाह्यलं, सगळं हिरवं. जमलं आपल्याला.

१० फेब्रु.
ताई मागच्या अंगणात फोनवर बोलत होती. लय वेळ. ताई फोनवर बोलत नाही, सूचना देते. आज ऐकून राह्यली होती.

११ फेब्रु.
अकोल्याहून आईला फोन. मुलाची आई. "तुम्ही लपवलं काऊन? पोरगी घटस्फोटित हाय ते साइटवर लिहेल हाय नं."
आईला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा. मग मी लॅपटॉपकडं पळालो.
ताईचं प्रोफाइल. वैवाहिक स्थिती: घटस्फोटित.
कसं झालं ते सापडायला वेळ लागला नाही, तेच वाईट. त्या लिस्टमध्ये सगळ्यात वर 'निवडा' होतं. लोक तसंच सोडून देतात म्हणून काकांनी मंगेशला सांगून ते काढून टाकलं. यंत्र शून्यापासून मोजतं. आधी एक नंबरवर 'अविवाहित' होतं, आता 'घटस्फोटित'. माझा प्रोग्राम एक नंबरच निवडत राह्यला. निवडलं, सेव्ह झालं, हिरवी खूण. काय निवडलं ते पाहा, असं मी त्याला सांगितलंच नव्हतं.
आणि पत्ता खऱ्या साइटचा.
काका: "तुले गाड्या पाहाले कोणं पाठवलं होतं बे?"
बरोबर आहे.

१२ फेब्रु.
परत तसंच व्हायला नको म्हणून आधी सगळं नावानं निवडायला बदललं. निवडल्यावर वाचून पाहायलाही लावलं. चाळीसच्या चाळीस ठिकाणी. एका जागी इतका वेळ बसलो नव्हतो कधी. मग ताईचं प्रोफाइल उघडलं, लिस्ट उघडली, 'अविवाहित'वर गेलो.
"थांब." ताई मागं उभी. ड्युटीवरून आलेली, पिशवी खांद्यावर.
"बदलवू नोको अजून."
"काऊन?"
तिनं सांगितलं तसं लिहितो. घटस्फोटित लिहिलं की साइट तसल्याच लोकांना दाखवते. लोणारचा एक जण, मिलिंद, मेहकरच्या एसटी डेपोत मेकॅनिक, स्वतः घटस्फोटित, पाच वर्षांची पोरगी. परवा त्यानंच फोन केला होता. म्हणाला, काय झालं ते सांगू नका, रात्री झोप लागते का तेवढं सांगा.
"मंग?"
"मी म्हटलं, नाई लागत." पिशवी खाली ठेवली. "मले इतक्या लोकायनं पाह्यलं. उंची इचारली, पगार इचारला, बदली होते का इचारलं. झोपेचं कोणी इचारलं नाई रे."
"तू त्याले सांगतलं का, हे चुकीनं झालं म्हणून?"
पिशवी उचलली. हातपाय धुवायला गेली.

१४ फेब्रु.
काका अकोल्याच्या लोकांशी बोलले. कॉम्प्युटरची चूक म्हणून. ते म्हणतात, साइटवर दुरुस्त झालेलं दाखवा, मगच रविवारी येऊ. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत.
आई माझ्यामागं लागली. "दोन मिनिटाचं काम हाय म्हणतं नं? कर मंग."
दोन सेकंदाचं आहे. पण बदललं की लोणारच्या माणसाला ते ताईच्या आधी साइटचा मेसेज सांगणार. ताई रोज म्हणते, आज सांगते. रोज फोन होतो. रोज सांगत नाही.
पुण्याहून जुन्या मित्राचा मेसेज, खोलीत एक जागा रिकामी आहे, येतो का. एरवी बॅग भरून झाली असती.

१६ फेब्रु.
ताईशी भांडलो. म्हटलं, हे खोटं आहे, त्या माणसाला वाटत असेल तू त्याच्यासारखी.
"माहीत हाय मले."
"फोनवर सांगून टाक न मंग."
"फोनवर तो गप्प बसला तर मले काय समजन? तोंड पाहून सांगन." मग जरा हसली. "आणि तू कायले खऱ्याचा ठेका घेऊन राह्यला? सगळं तुह्यामुळंच तं झालं."
हसलो मीपण. आईनं स्वयंपाकघरातून भांडं आपटलं.

१८ फेब्रु. शनिवार
ताई सकाळच्या एसटीनं गेली. बुलढाणा, मेहकर, मग लोणार. आईला सांगितलं ट्रेनिंग आहे. मला सांगितलं, "माह्या फोन येईपर्यंत हात लावू नोको. आला की लगेच कर. काहीही झालं तरी करच."
तीनला मेसेज: पोचले. त्यानं पोरीले संग आणलं. तळ्याकडं उतरून राह्यलो. अजून बोलले नाई.
त्यानंतर काही नाही. खाली उतरल्यावर नेटवर्क जातं बहुतेक.
पाच. काकांचा फोन. करतो म्हटलं. साडेपाच. परत काका. "सहाले ते लोक पाह्यतीन, आन् तू आतालोक बसेलच हाय?" लॅपटॉप पुढं, लिस्ट उघडी. घरात चार चकरा मारल्या, अंगणात दोन, परत येऊन बसलो. बाहेर जावंसं वाटलं नाही असं नाही.
आई शेजारी येऊन बसली. मला वाटलं आता रागावते. तर म्हणाली, "ट्रेनिंग नाई नं ते?"
"नाई."
सगळं सांगितलं. झोपेचंपण. ती ऐकत राह्यली. मग म्हणाली, "काय काय हाय याच्यात, वाच बरं."
वाचलं. अविवाहित. घटस्फोटित. विधवा.
"आणखी?"
"बस."
"तिचं सध्या जे हाय, ते नाई का याच्यात?"
"नाई."
सहाला पाच कमी. फोन वाजला, काकांचा. मी हात पुढं केला. त्याआधीच आईनं उचलला, स्क्रीन पाहिली, आणि तसाच वाजत असताना पालथा घालून ठेवला.