फटीच्या कडेचा तारा

३ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या ताऱ्याची बातमी आली तेव्हा आमच्या विभागात सगळ्यांना कॉफी मीच पाजली. एवढ्याशा बटू दीर्घिकेत इतका तापलेला, इतका अवजड तारा, आणि तो सापडला कुणाला, तर माझ्या आत्याला. चांगलं मिरवून घेतलं.

मग तुझा वर्णपट मागवून पाहिला. बाकीच्या रेघा जागच्या जागी आहेत, पण जिच्यावरून तू ताऱ्याचं तापमान काढलंस ती हेलियमची रेघ किंचित सरकली आहे. दुर्बिणीतल्या पत्र्यात ताऱ्याचा उजेड आत घ्यायला जी फट कापतात, तिच्या मधोमध तारा असला तर असं होत नाही, शेजारच्याचा उजेड कडेने आत शिरला तर होतं. हे तूच शिकवलंस. आणि शेजारी माझाच तारा आहे, प्रबंधासाठी मागितलेला, पत्र्यात फट कापायला जागा नाही म्हणून तू वगळलेला. माप पुन्हा पुन्हा काढलं. ती रेघ त्याची आहे गं.

बाबा म्हणाले, आई गेल्यावर जिने तुला वाढवलं, तिच्या निवृत्तीच्या तोंडावर खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस. पण गप्प बसले तर माझा प्रबंध अडतो आणि बोलले तर तुझं नाव जातं. फार अपराधी वाटतंय. हवी तेवढी रागाव, पण उत्तर दे.

लोभ आहेच, या पत्रानंतरही राहू दे.

तुझी,
भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. दार लावून तुझं माप खोडायला बसले. खोडता आलं नाही. बाबाला सांग, वासे मोजायला मीच शिकवलं होतं.

आता माझं ऐक. पत्र्यात जागा होती, पण एकाच फटीची. तारे इतके जवळ की दोघांना दिल्या असत्या तर फटी एकमेकींत घुसल्या असत्या. जाताजाता आपल्या नावावर एखादा तारा असावा, पोरीपुढे काय, सगळं आयुष्य पडलंय, असं म्हणून मी माझा घेतला आणि तुला जागा नाही म्हणून कळवलं. ते लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, त्याचीच जास्त लाज वाटते.

घोषणा काल मागे घेतली. संचालक म्हणाले, नजरचूक लिहा. मी लिहिलं, तारा भाचीचा, मापही तिचंच. दुर्बिणीवरचा माझा पुढचा वेळ तुझ्या नावावर केला आहे. फट नीट मधोमध काप.

माझ्याकडे आलीस तेव्हा तुला वेगळी खोली दिली होती, एकटीने झोपायची सवय व्हावी म्हणून. रोज सकाळी माझ्याच पांघरुणाच्या कडेला सापडायचीस. तेव्हा तुला कधी परत पाठवलं नाही. या खेपेला पाठवलं, तरी आलीसच.

लोभ आहे असं तू लिहिलंस. आता तो मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
आत्या