दोन्ही सारखीच

नकटे,

वसतिगृहाच्या फाटकात बॅगा घेऊन उभा होतो आणि तुझा फोन आला, तिथेच माझं सगळं फिसकटलं. "मी दुसरं विद्यापीठ घेतलं. तू मागेमागे आला असतास, म्हणून बोलले नाही," म्हणालीस.

दोन्ही खासगी विद्यापीठं अभ्यासात तोडीस तोड, असं बाबांनी चौकशी करून सांगितलं होतं. मी मात्र तू जाणार म्हणालीस तेच निवडलं. मग तिथे कुणी तुझं नाव काढलं तरी अंगावर धावून जायचो. शेवटी अर्ध्यातच सोडून घरी आलो.

आज बाबा म्हणाले, "वाघोबा, दोन्हीकडे अजून प्रवेश देतायत. हवं तर तिच्याकडे जा. नाहीतरी दोन्ही सारखीच."

"सारखी कशी? तिकडे ती आहे."

"मग?"

'तिकडेच' अगदी ओठांवर आलं होतं, नकटे. "पहिलंच," म्हणालो. बाबा माझ्या बॅगेवरची धूळ पुसू लागले.

हे पत्र टेबलाच्या खणातच राहील. त्या फाटकात आता तुझा फोन येणार नाही, तरी कान तिकडेच असतील. बॅग उचलतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तूच नाव ठेवलेला,
तापलेला तवा